वाफसा

वाफसा हा शब्द मला फार आवडतो. रान चिखलही नाही आणि कोरडंही नाही, माती मुठीत वळते पण टाकली की फुटते, ती अवस्था. पुस्तकी भाषेत सांगायचं तर मातीच्या पोकळ्यांत पाणी आहे आणि हवाही आहे.

आता गंमत बघा. बारामती-इंदापूरच्या भारी काळ्या रानात पाणी तुंबलं की उभं पीक सुकल्यासारखी मान टाकतं. कारण मुळांना पाणी ओढायला प्राणवायू लागतो, आणि तो हवेच्या मानाने पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. तो संपला की मुळांच्या पेशींचा श्वास अडतो, आत आम्लता वाढते आणि पाणी आत घेणारी सूक्ष्म दारं मिटतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ साली 'नेचर'मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे पाण्यात उभं राहून तहानेने मरायचं! भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून तो तरतो. डाळिंबाला ती सोय नाही.

१८७६-७७च्या दुष्काळानंतर झालेल्या नीरा डाव्या कालव्याने आपल्या भागाचं नशीब पालटलं, हे खरंच. पण त्याच कालव्याखाली पाणथळ आणि क्षारपड झालेली रानंही आहेत. जमिनीतलं पाणी वर येतं, उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

यावर "शेतकरीच पाणी जास्त देतो" असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पुढचं आवर्तन कधी येईल याचा भरवसा नसेल, तर दारात आलेलं पाणी कोण सोडेल? पाणीपट्टी क्षेत्रावर असेल, तर कमी घेऊन फायदा काय? माझं म्हणणं एवढंच, की पाणी वेळेवर द्या, मोजून द्या, आणि कालव्याइतकंच लक्ष निचऱ्याच्या चरांकडे द्या. चर एकट्याने काढून भागत नाही. माझ्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं, तर तो निचरा नव्हे, भांडण! ओढ्यापर्यंत सगळ्यांनी मिळूनच जायला हवं.

घरातल्या ऊसवाल्यांनी रागावू नये. पाण्यासाठी आपण मोर्चे काढतो, काढायलाच हवेत. पण मुळांच्या हवेसाठीही कुणीतरी बोललं पाहिजे ना?