आईची अंगठी

मुलाच्या सगाईची तयारी सुरू झाली, तेव्हा आईची अंगठी तिजोरीतून बाहेर काढली. तीच मोडून सुनेसाठी नवी घडवावी, असा घरातील विचार होता. आई-वडिलांचे लग्न 1964 चे, आणि अंगठी ‘बावनकशी’ असल्याचे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. खापरखेड्याहून नागपुरात इतवारीच्या सराफ्यात नेऊन यंत्रावर तपासली, तर आकडा निघाला 58 टक्क्यांच्या आसपास. धाकटा भाऊ तिथेच संतापला. “दादा, आजोबांना त्या सराफाने फसवले!” तो सराफ आज हयात नाही, पण त्याच्या नातवंडांशी आमचे येणे-जाणे आहे.

मी त्याला लग्नाचे वर्ष आठवायला सांगितले. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि 14 कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास मनाई झाली. कित्येक सुवर्णकारांच्या भट्ट्या विझल्या. ही अट 1966 मध्ये उठली. 14 कॅरेट म्हणजे हजारात 585 भाग सोने. त्या रात्री आजोबांची जुनी चोपडी काढली. नोंद स्पष्ट होती : अंगठी 1, 14 कॅरेट. ‘बावनकशी’ हा शब्द आमच्याच घराने नंतर चिकटवलेला. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

आता नव्या अंगठीविषयी. पहिल्या टप्प्यात 256 जिल्ह्यांत 16 जून 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडीशिवाय विक्रीस मनाई आहे. भिंग मागून घ्यावे, बीआयएसचे चिन्ह, शुद्धता (22के916 किंवा 18के750) व एचयूआयडी पाहावा आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथेच तपासावा. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला या सक्तीतून सूट आहे. नाजूक अंगठी घेताना हे ध्यानात असू द्यावे. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्यांचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर खड्यांचे वजन वजा होताना किती चेहरे उतरलेले पाहिले!

आपण व्यापारी माणसे. 22 कॅरेटखाली उतरायला मन घेत नाही. पण अंगठी रोज बोटात राहते, दार-खुर्चीवर आपटते. 22 कॅरेट मऊ असते, खड्यांची पकड त्यात लवकर सैल होते. हिरा बसवायचा असेल तर 18 कॅरेटच बरे. (मोत्यासाठी शिंपल्यातील जिवाचे काय होते, हे ठाऊक असल्याने आमच्या घरी मोती नाही.) माप संध्याकाळी द्यावे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोटे सुजतात.

आमच्या गावी वीज केंद्राची राख उडते. तिचे कण सोन्याहून कठीण असतात. त्यामुळे अंगठी कोरडी पुसू नये. आधी कोमट पाण्यात, रिठ्याच्या किंवा सौम्य साबणाच्या फेसात बुडवून मऊ ब्रशने घासावी. ब्लीचिंग पावडर हाताळताना ती काढून ठेवावी. पाऱ्यापासून तर दूरच. तो सोन्यात मुरतो. वर्षातून एकदा खडा हलतो का, हे सराफाकडून पाहून घ्यावे आणि दुरुस्तीला देताना वजन चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

आईची अंगठी आम्ही मोडली नाही. पन्नास वर्षे बोटात राहूनही तिचा गोल वाकडा झालेला नाही. सुनेला ती सैल होत होती. दोन मापे कमी करून दिली.