भरतीची धाव
नांदेड-लातूरच्या बायपासवर पहाटे पळणारी पोरं पदकासाठी पळत नसतात. त्यांना पोलीस भरतीचे १६०० मीटर वेळेत गाठायचे असतात. त्यावर नाक मुरडायचं कारण नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळेही बारावीनंतर नोकरीसाठीच लष्करात गेला, महार रेजिमेंटमधून सियाचीनला राहून आला आणि २०१५ मध्ये क्रॉस-कंट्रीत उतरला. पुढे प्रशिक्षक अमरीशकुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. ३००० मीटर, २८ अडथळे, वर पाण्यावरच्या ७ उड्या. आणि इथला अडथळा हर्डलसारखा धक्क्याने आडवा होत नाही, पाय चुकला तर माणूसच आडवा होतो. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकलं, पण १९९८ पासून राष्ट्रकुलात तिन्ही पदकं घरी नेणाऱ्या केनियाची मक्तेदारी मोडली. पुढच्याच वर्षी हांगझोऊत आशियाई सुवर्णही आलं. भरतीच्या गर्दीत असे आणखी साबळे असणारच. नोकरी लागली की त्यांचे बूट माळ्यावर जातात. त्याआधीच कुणीतरी जाणत्या प्रशिक्षकाने स्टॉपवॉच घेऊन त्या रस्त्यावर उभं राहायला हवं.