मज्जारज्जूच्या इजेवरील उपचार : बातमी आणि पुरावा यांतील अंतर

मार्च २०२५ मध्ये टोकियोतील केइओ विद्यापीठाच्या संशोधकांनी चार रुग्णांची माहिती जाहीर केली. चौघांच्याही मज्जारज्जूला गंभीर दुखापत झाली होती आणि वैद्यकीय वर्गवारीनुसार ती 'पूर्ण इजा' होती. दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांच्या आत प्रत्येकाच्या मज्जारज्जूत सुमारे वीस लाख पेशी सोडण्यात आल्या. माणसाच्या पेशींना प्रयोगशाळेत मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन, त्यांच्यापासून चेतापेशींच्या पूर्वावस्था तयार करून त्या वापरल्या होत्या. वर्षभरानंतर एक रुग्ण आधाराविना उभा राहू लागला व त्याने चालण्याचा सराव सुरू केला. दुसऱ्याच्या हातापायांच्या काही स्नायूंत हालचाल परतली. उरलेल्या दोघांत उल्लेखनीय फरक पडला नाही. गंभीर दुष्परिणाम कोणालाही झाले नाहीत.

समाजमाध्यमांवर या चार ओळींची एक ओळ होते : 'लुळेपणावर इलाज सापडला.' ज्या घरात कोणी रस्त्यावरील अपघातानंतर किंवा उंचावरून पडल्यानंतर अंथरुणाला खिळले आहे, तिथे ही ओळ जिल्हा, देश आणि महासागर ओलांडून पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मज्जारज्जूची इजा घेऊन जगणाऱ्यांची संख्या जगभरात दीड कोटीहून अधिक आहे. त्यांच्या कुटुंबीयांना अशा बातमीचा अर्थ कसा लावायचा, हे सांगण्याची जबाबदारी बातमी देणाऱ्यांवर असते. ती फारशी पार पाडली जात नाही.

केइओच्या प्रयोगाचे मोल कमी नाही. अशा पेशी माणसाच्या मज्जारज्जूत सोडता येतात आणि वर्षभर तरी त्यांच्यामुळे गाठ किंवा अन्य मोठा अपाय झाला नाही, हे कळणे आवश्यकच होते. प्रयोगाचा हा टप्पा मुख्यतः सुरक्षितता तपासण्यासाठीच होता. परंतु जो रुग्ण उभा राहिला, तो या पेशींमुळेच उभा राहिला का, हे त्यातून सांगता येत नाही. 'पूर्ण इजा' म्हणून नोंद झालेल्यांपैकी काहींमध्ये पहिल्या वर्षात आपोआप सुधारणा होते, हे डॉक्टरांना अनेक दशकांपासून ठाऊक आहे. त्यात तातडीची शस्त्रक्रिया आणि कसून केलेली फिजिओथेरपी यांचीही भर पडते. तुलनेसाठी पेशी न दिलेल्या रुग्णांचा गट नसेल, तर यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

मुळात हा प्रश्न अवघड का आहे, हे थोडे पाहायला हवे. हाताची वा पायाची नस तुटली तर तिचे तंतू पुन्हा वाढू शकतात. ही वाढ अतिशय मंद असते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतू मात्र तुटल्यावर जवळपास वाढतच नाहीत. त्या तंतूंमध्ये वाढण्याची क्षमताच नसावी, असा समज दीर्घकाळ होता. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या पायाच्या नसेचा तुकडा मेंदू व मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या पुलासारखा बसवला, तेव्हा केंद्रीय चेतासंस्थेतील तंतू त्या तुकड्यातून कित्येक मिलिमीटर वाढलेले आढळले. म्हणजे बियाणे जिवंत होते, जमीन प्रतिकूल होती. झुरिकमध्ये मार्टिन श्वाब यांनी ही जमीन प्रतिकूल करणाऱ्या प्रथिनांचा शोध घेतला. त्यांतील 'नोगो-ए' या प्रथिनाला रोखणारी प्रतिपिंडे तयार झाली आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ती आशादायक ठरली.

माणसांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मानेच्या मज्जारज्जूला नुकतीच इजा झालेल्या रुग्णांपैकी काहींना प्रतिपिंडे आणि काहींना निष्क्रिय द्रव देण्यात आला होता. हातांच्या स्नायूंची ताकद हा मुख्य निकष होता आणि त्यावर दोन गटांत फरक दिसला नाही. इजा अर्धवट असलेल्यांमध्ये काही लाभाची चिन्हे दिसली. साडेतीन दशकांच्या कामाअंती आलेला हा निकाल वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येणारा नव्हता. मला मात्र तो केइओच्या निकालापेक्षा अधिक माहितीचा वाटतो, कारण त्यात 'नाही' म्हणण्याची सोय होती.

ती सोय नसली की काय होते, याचे उदाहरण जुने आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड इजेनंतर आठ तासांच्या आत मोठ्या मात्रेत दिल्यास लाभ होतो, असे सांगितले. सर्व रुग्ण एकत्र धरले तर हा लाभ दिसत नव्हता. आठ तासांच्या आत औषध मिळालेल्यांचा वेगळा हिशेब केल्यावर तो दिसला. तरीही जगभरातील रुग्णालयांत हे औषध सरसकट दिले जाऊ लागले. त्याच्या उपयोगाविषयी आपली खात्री नाही, पण न दिल्यास खटला होईल या भीतीने देतो, असे अनेक शल्यविशारदांनी पुढे सर्वेक्षणांत कबूल केले. मोठ्या मात्रेतील स्टेरॉइडमुळे संसर्ग आणि पोटातील रक्तस्राव यांचा धोका वाढतो. २०१३ मध्ये अमेरिकी मेंदूशल्यविशारदांच्या संघटनांनी हे औषध वापरू नये, असा स्पष्ट सल्ला दिला. मधल्या दोन दशकांत किती जणांना ते टोचले गेले असेल!

जपानने २०१८ च्या डिसेंबरमध्ये आणखी एक वाट चोखाळली. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून पेशी काढून, वाढवून, शिरेवाटे परत देण्याच्या 'स्टेमिरॅक' या उपचाराला तेथील सरकारने सशर्त मान्यता दिली. आधार होता अवघ्या तेरा रुग्णांचा, तोही तुलनागटाविना. किंमत ठरली सुमारे दीड कोटी येन आणि तिचा मोठा भार सार्वजनिक विम्याने उचलायचा. विक्री करता करता पुरावा गोळा करावा, ही या मान्यतेमागची कल्पना. ती ऐकायला उदार वाटते, परंतु जो उपचार रुग्णालयात विम्यावर मिळतो, त्याच्या चाचणीत निष्क्रिय द्रव मिळण्याची शक्यता पत्करून कोण उतरेल? एकदा विक्री सुरू झाली की निर्णायक चाचणी जवळपास अशक्य होते. 'नेचर'सारख्या नियतकालिकाने त्या वेळी जपानच्या निर्णयावर उघड टीका केली होती ती यामुळेच.

या सर्व निराशेत प्रत्यक्षात पुढे सरकलेली गोष्ट पेशींची नाही, विजेची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'आर्क-ईएक्स' या उपकरणाला मान्यता दिली. मानेच्या त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून मज्जारज्जूला सौम्य विद्युतप्रवाह द्यायचा आणि त्याच वेळी हाताचे व्यायाम करून घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. शस्त्रक्रिया लागत नाही. तुटलेले तंतू त्याने जुळत नाहीत. गंभीर इजेतही बहुधा काही तंतू शाबूत राहतात, पण त्यांच्यातून येणारा संदेश फार क्षीण असतो; प्रवाहामुळे मज्जारज्जूतील पेशी त्या क्षीण संदेशालाही प्रतिसाद देऊ लागतात, असे संशोधक मानतात. साठ रुग्णांच्या चाचणीत आधी दोन महिने केवळ व्यायाम आणि नंतर दोन महिने व्यायामासोबत प्रवाह, असा क्रम होता. ७२ टक्के रुग्णांच्या हातांची ताकद आणि कार्यक्षमता या दोन्हींत ठरवलेल्या मर्यादेपलीकडे सुधारणा झाली. काहींच्या इजेला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. वरच्या कसोट्या इथेही लावल्या पाहिजेत : खोटा प्रवाह दिलेला वेगळा गट या चाचणीत नव्हता, रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या स्थितीशी केली गेली. तरीही जुन्या इजेत आपोआप सुधारणा क्वचितच होते, म्हणून या निकालाला वजन आहे.

सुधारणा म्हणजे काय, तर चिमटीत वस्तू पकडता येणे, पेला उचलता येणे. बातमीत याला 'किरकोळ' म्हटले जाते. रुग्णांना तसे वाटत नाही. २००४ मध्ये संशोधक किम अँडरसन यांनी, ज्या स्वतःही मज्जारज्जूची इजा घेऊन जगतात, ६८१ रुग्णांना विचारले की कोणती क्षमता परत मिळाली तर आयुष्य सर्वाधिक सुधारेल. चारही अवयव बाधित असलेल्यांनी हातांचा वापर सर्वांत वर ठेवला. कमरेखालचा भाग बाधित असलेल्यांनी लैंगिक क्षमता वर ठेवली. लघवी आणि शौचावरचे नियंत्रण दोन्ही गटांना महत्त्वाचे वाटले. चालणे दोन्ही यादींत अग्रस्थानी नव्हते. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेतील सुपर बोलच्या प्रक्षेपणात एका वित्तसंस्थेच्या जाहिरातीने संगणकाच्या साहाय्याने अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह यांना चालताना दाखवले होते. निरोगी माणसाची कल्पना अजून त्या जाहिरातीतच अडकलेली आहे.

आणि जगण्याची शाश्वती तर आणखी साध्या गोष्टींनी दिली. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. जर्मनीतून निर्वासित होऊन आलेले मेंदूतज्ज्ञ लुडविग गुटमान यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे विशेष विभाग सुरू केला. ठरावीक वेळी कूस बदलणे, मूत्राशयाची काळजी, व्यायाम आणि खेळ यांच्या बळावर त्यांनी हे चित्र पालटले. तेथील खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिले, ते पोहण्यात. पुण्याजवळ खडकीला जायबंदी जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण तालुक्याच्या गावी पाठीवर व्रण झालेल्या माणसाला तिथपर्यंत कोण नेणार, हा महाराष्ट्रातला खरा प्रश्न आहे आणि त्याला मूलपेशींची गरज नाही.

हीच पोकळी मूलपेशींची दुकाने भरून काढतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांतील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. तरीही भारतातील शहरांत पैसे घेऊन अशी इंजेक्शने देणारे दवाखाने आहेत, त्यांच्या जाहिराती परदेशातील मराठी घरांपर्यंतही येतात. 'आपल्याच पेशी आहेत, नुकसान तर होणार नाही' हे त्यांचे आवडते वाक्य. पोर्तुगालमध्ये एका अमेरिकी तरुणीच्या मज्जारज्जूत तिच्याच नाकातील अस्तराच्या पेशी बसवण्यात आल्या होत्या. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली, तेव्हा तिथे नाकासारखा द्रव स्रवणारी गाठ वाढलेली आढळली आणि शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. २०१४ मध्ये ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली.

संशोधन मंद आहे म्हणून दुकाने चालतात आणि मंद संशोधनाला पैसा लागतो. भ्रूणातील मूलपेशींपासून केलेल्या पेशी माणसाच्या मज्जारज्जूत सोडण्याची पहिली चाचणी कॅलिफोर्नियातील जेरॉन कंपनीने २०१० मध्ये सुरू केली आणि जेमतेम वर्षभराने थांबवली. कारण अपाय नव्हते. पैसा कर्करोगाच्या औषधांकडे वळवायचा होता. खासगी भांडवल असे केव्हाही उठून जाते. म्हणून सरकारी निधीचे महत्त्व. २०२५ च्या फेब्रुवारीत ट्रम्प प्रशासनाने राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानातील आनुषंगिक खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली, ती बॉस्टनच्या संघीय न्यायालयाने अडवली. पाठोपाठ पुढच्या अर्थसंकल्पात या संस्थांचा निधी सुमारे ४० टक्क्यांनी कापण्याचा आणि २७ संस्था व केंद्रांची संख्या आठवर आणण्याचा प्रस्ताव आला. जुलैत सिनेटच्या समितीने दोन्ही पक्षांच्या मतांनी तो बाजूला सारून उलट ४० कोटी डॉलरची वाढ सुचवली. कपात टळली तरी अनिश्चिततेचा परिणाम उरतोच. मज्जारज्जूच्या चाचणीत रुग्णाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो. पुढच्या वर्षीचा पगार ठाऊक नसलेला तरुण संशोधक ते काम धरून बसत नाही.

नाकातील अस्तराचा हाच प्रयोग दिल्लीच्या 'इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर'मध्येही झाला होता. तेथील डॉक्टरांनी पाच जुन्या रुग्णांवर तो केला, ठरल्याप्रमाणे मोजणी केली आणि २००९ मध्ये लाभ दिसला नसल्याचे छापून टाकले. चाचणी खरी आहे का, हे पाहण्यासाठी भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री आहे. ती कोणालाही संगणकावर विनामूल्य तपासता येते आणि चाचणीतील सहभागी रुग्णाला उपचाराचे पैसे मोजावे लागत नाहीत. कोणी लाखांचे कोटेशन हाती ठेवत असेल, तर आधी रजिस्ट्रीतील नोंदणी क्रमांक मागावा आणि मागच्या रुग्णांचे निकाल कुठे छापले आहेत, ते विचारावे.