आमचा बुक क्लब आणि पत्रिकेतलं एक अक्षर



या वेळी लिहायचं होतं दिवाळीच्या फराळाबद्दल. पण दिवाळीच्या चार दिवस आधी आमच्या ओट्यावर जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला चकलीचं भाजणीचं प्रमाण लिहिताच येईना. तेव्हा चकली पुढच्या वेळी.

आमची देडतलाई तुमच्यापैकी बहुतेकांनी बसच्या खिडकीतून पाहिली असेल. बऱ्हाणपूरहून धारणीकडे जाताना बस इथे थांबते, लोक चहा घेतात आणि पुढे मेळघाटात उतरतात. चौकात उभं राहिलं की पाच मिनिटांत हिंदी, निमाडी, कोरकू आणि मराठी अशा चारही भाषा कानावर पडतात. आमची मुलं शाळेत हिंदीतून शिकतात आणि घरात मराठी बोलतात. देवनागरी वाचता येते, त्यामुळे मराठी वाचता येतं असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ‘डोळे’ दिसलं की ‘डोले’ वाचतात आणि ‘चाळ’ची ‘चाल’ करतात.

यावर उपाय म्हणून श्रावणात आम्ही शनिवारी संध्याकाळी वाचन सुरू केलं. नाव मुलांनी ठेवलं, बुक क्लब. माझ्या सासूबाई मात्र पहिल्या दिवसापासून त्याला पोथीच म्हणतात. सभासद आठ: सासूबाई, बँकेतून निवृत्त झालेले काका, शेजारच्या मावशी आणि त्यांची मुलगी, दहावी-अकरावीतली दोन मुलं, मी, आणि इंदूरला इंजिनिअरिंग शिकणारी माझी भाची. ती सुटीत इथे असते, एरवी व्हिडिओ कॉलवर.

पहिलं पुस्तक भाचीने सुचवलं, विक्रम सेठ यांचं ‘द गोल्डन गेट’. 1986 साली आलेली ही इंग्रजी कादंबरी. सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी करणाऱ्या तरुण मंडळींची गोष्ट, त्यांची प्रेमं, भांडणं, एकटेपण, मांजर, सगळं काही. पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कवितेत. अर्पणपत्रिका आणि अनुक्रमणिकासुद्धा चौदा ओळींच्या यमकबद्ध कडव्यात. सेठ तेव्हा स्टॅनफर्डला अर्थशास्त्र शिकत होते. पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या रशियन पद्यकादंबरीचं इंग्रजी भाषांतर त्यांच्या हाती पडलं आणि अभ्यास बाजूला राहून हे पुस्तक झालं. त्याला 1988 सालचा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला.

भाची म्हणाली, “मामी, कादंबरी आणि तीही कवितेत! असं कुणी केलंच नसेल ना?”

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग आम्ही चातुर्मासात काय वाचत होतो?”

खरंच की! श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ 1702 सालचा, ‘रामविजय’ त्याच्या पुढच्या वर्षीचा, ‘पांडवप्रताप’ 1712 चा. सगळ्या गोष्टी, आणि सगळ्या ओवीत. एक जण वाचणार, बाकीचे वाती वळत, तांदूळ निवडत ऐकणार. अध्याय संपला की त्यावर बोलणार, कैकेयीला नावं ठेवणार, कर्णासाठी हळहळणार. बुक क्लब म्हणजे याहून वेगळं काय असतं? त्याही आधी, तेराव्या शतकाच्या शेवटी, महानुभाव कवी नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. आपला नवरा आपणच निवडणारी, त्याला निरोप धाडणारी ही नायिका कौंडिण्यपूरची, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातली. आमच्या चौकातून धारणीची बस पकडली की तुम्ही तिच्या माहेरच्या जिल्ह्यात पोचता. हे ऐकल्यावर दहावीतला मुलगा पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून नीट बसला.

सेठ यांचं इंग्रजी सासूबाईंना आणि मावशींना कळेना, म्हणून आम्ही मराठीकडे वळलो. काकांनी रविकिरण मंडळाची गोष्ट सांगितली. 1923 साली पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई आणि श्री. बा. रानडे अशा काही कविमंडळींनी हे मंडळ काढलं. एकत्र बसायचं, एकमेकांना कविता ऐकवायच्या, चर्चा करायची. हाही बुक क्लबच, फक्त पुस्तकं स्वतःची! त्यांच्या कविता लोकांसमोर गाऊन दाखवायच्या पद्धतीची पुढे महाराष्ट्रभर लाट आली. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये त्यांची यथेच्छ टिंगल केली, तीही कवितेतच. याच मंडळींनी खंडकाव्यं लिहिली, म्हणजे पद्यातल्या गोष्टी. आणि त्यांतली माणसं देवादिकांऐवजी तुमच्याआमच्यासारखी होती. माधव जूलियनांचं ‘विरहतरंग’, गिरीशांची ‘अभागी कमल’ आणि ‘आंबराई’ ही त्यातली गाजलेली नावं.

बऱ्हाणपूरच्या एका ओळखीच्या घरातल्या जुन्या कपाटात गिरीशांचं ‘अनिकेत’ मिळालं. टेनिसनच्या ‘इनॉक आर्डन’ या 1864 सालच्या कथाकाव्याचा तो मराठी अवतार. भाचीने मूळ इंग्रजी मोबाइलवर उघडलं, आम्ही मराठी हातात घेतलं. मी पुस्तक निवडताना फक्त एवढंच पाहिलं की गोष्ट छोटी आहे आणि भाषा मुलांना झेपेल. मावशींचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही, हे आधीच कबूल करते.

मूळ गोष्ट अशी. समुद्रकाठच्या गावात तीन मुलं एकत्र खेळतात, इनॉक, फिलिप आणि ॲनी. मोठेपणी ॲनी इनॉकशी लग्न करते. फिलिप गप्प राहतो. पुढे इनॉकला अपघात होतो, धंदा बसतो. तेव्हा तो आपली होडी विकून बायकोला दुकान थाटून देतो आणि चीनला जाणाऱ्या जहाजावर नोकरी धरतो. जहाज फुटतं. तो एका निर्मनुष्य बेटावर अडकतो. इकडे दुकान चालत नाही, धाकटं आजारी मूल जातं. फिलिप उरलेल्या दोन मुलांच्या शाळेचा खर्च उचलतो. दहा वर्षं होतात. फिलिप लग्नाचं विचारतो. ॲनी एक वर्ष मागते, मग आणखी काही महिने. शेवटी देवाचा कौल घ्यावा म्हणून बायबल उघडते, तर बोट ताडाच्या झाडाच्या उल्लेखावर पडतं. स्वप्नात तिला इनॉक ताडाखाली बसलेला दिसतो. तिला वाटतं, तो स्वर्गात पोचला. ती लग्न करते.

आणि तो खरोखरच एका बेटावर, ताडाच्या झाडाखाली, जिवंत बसलेला असतो!

इथे अकरावीतला मुलगा ओरडलाच, “अरे यार!”

इनॉक परत येतो. रात्री फिलिपच्या घराच्या खिडकीतून आत पाहतो. शेगडीजवळ त्याची बायको, मोठी झालेली त्याची मुलं, आणि फिलिपचं बाळ. त्याच्या तोंडून हाक फुटायची असते, ती तो गिळतो आणि पाय न वाजवता निघून जातो. त्याच गावात अनोळखी म्हणून वर्षभर मजुरी करून मरतो. मरताना घरमालकिणीला खरं सांगतो, पण मी गेल्यावरच ॲनीला सांग, अशी शपथ घालून.

वाचून झाल्यावर वाद रंगला. काकांच्या मते इनॉक महात्मा. सासूबाईंच्या मते फिलिपचा धीर सगळ्यांत मोठा. भाचीने कॉलवरून विचारलं, “ॲनीला कुणी काही विचारलं का?” मग विषय कायद्यावर गेला. काकांनी सांगितलं की सात वर्षं ज्याच्याबद्दल काहीच कळलं नाही, तो मेला असं कोर्ट धरून चालू शकतं. 1872 च्या पुरावा कायद्यात ते होतं, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही सात वर्षं बेपत्ता असणं हे घटस्फोटाचं कारण आहे. “पण हे आपोआप होत नाही,” ते म्हणाले, “कोर्टात जावं लागतं.”

बोलता बोलता काका एकदम थांबले. आम्ही सगळेच थांबलो. कारण मावशींचे यजमान तेरा वर्षांपूर्वी कामाला म्हणून सुरतेकडे गेले, ते परत आले नाहीत. पहिली दोन वर्षं फोन येत होते. मग नंबर बंद. मावशींनी शिवणकामावर मुलगी शिकवली. कपाळावर टिकली असते, हळदीकुंकवाला कुणी बोलावतं, कुणी नाही. या विषयावर त्या कधी बोलत नाहीत आणि आम्हीही नाही. त्यांची मुलगी तिथेच बसली होती. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न ठरलंय.

मला वाटलं, आता मावशी उठून जातील. त्या म्हणाल्या, “ते खिडकीचं परत वाच.”

मुलीनेच वाचलं. तिने एकदाही ‘ळ’चा ‘ल’ केला नाही, हे मला नंतर आठवलं.

मावशी म्हणाल्या, “याने सांगायला पाहिजे होतं. गप्प राहिला म्हणून तुम्ही त्याला मोठा म्हणता. पण मेल्यावर निरोप धाडलाच ना? मग जिवंतपणी आला असता तर ती रडली असती, भांडली असती, दोन शब्द बोलली असती. आता ती बिचारी जन्मभर त्या खिडकीकडे बघत बसणार.”

कुणाला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. लग्नपत्रिकेचा मजकूर. छापखान्यातून दोनदा फोन आला होता आणि त्या पंधरा दिवस तो कागद घेऊन फिरत होत्या. सगळं लिहिलेलं होतं, फक्त मुलीच्या वडिलांच्या नावाआधीची जागा कोरी. तिथे ‘श्री.’ लिहायचं की ‘कै.’?

“कायद्याला सात वर्षं पुरतात,” मावशी म्हणाल्या, “मला हे एक अक्षर तेरा वर्षांत लिहिता येत नाही. श्री लिहिलं तर लोक विचारतील, कुठे आहेत? कै लिहिलं आणि उद्या दारात उभे राहिले तर?”

काका चष्मा पुसत बसले. भाचीचा आवाजही बंद झाला होता, मला वाटलं नेटवर्क गेलं. सासूबाईंनी शेवटी विचारलं, “बोलावणारं कोण आहे लग्नाला? तूच ना? मग तुझं नाव वर घाल.”

मुलगी आईकडे बघत म्हणाली, “आणि बाबांचं नुसतं नाव लिहू. आधी काही नको.”

मावशींनी तिथेच पेन मागितलं. वर निमंत्रक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. खाली मुलीच्या नावापुढे दोघांची नावं, आधी आईचं, मग वडिलांचं, दोन्ही साधी. कोरी जागा राहिलीच नाही. कागद घडी करून पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी काय वाचायचं? जरा हसायचं काढा.” म्हणून आता अत्रे आणलेत.

मित्रमैत्रिणींनो, गद्य आपण एकेकटे, मनात वाचतो. पद्यातली गोष्ट मोठ्याने वाचावी लागते, त्यामुळे ती सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येते आणि नको तिथे थांबून पुढचं पान उलटता येत नाही. चातुर्मासातल्या पोथीत आपल्या आज्या कदाचित यासाठीच बसत असतील. सीतेबद्दल बोलता बोलता स्वतःचं काही बोलून टाकता येत असेल.

तुमच्या घरीही असं एखादं पुस्तक असेल, माळ्यावर, पिवळं पडलेलं. काढा, एक शनिवार ठरवा, वाचायला घरातल्या सगळ्यांत लहानाला बसवा. उच्चार चुकले तरी टोकू नका, चाल अडली की त्याचं त्यालाच कळतं. आणि शेंगा सोलायला ठेवा समोर. हात कामात असले की माणसं बोलतात.

पत्रिका काल छापून आली. पहिली देवापुढे ठेवली, दुसरी मावशींनी आमच्या बुक क्लबला दिली. ती ‘अनिकेत’मध्ये ठेवली आहे, खिडकीच्या पानावर.