पिशवी काढण्याआधी

दिवाळी सरली की आमच्या सांगली-सातारा भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. साखर कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम बुडाले तरी खाडा पडतो. म्हणून पाळीच्या दिवसांतही बाईला डोक्यावर मोळ्या वाहाव्याच लागतात.

अशाच एका कोपीवर मला बीडकडची एक बाई भेटली. पस्तिशीही ओलांडलेली नव्हती. म्हणाली, "ताई, पिशवी काढली, कटकट गेली. पण आता कंबर धरते, अंगातून वाफा निघतात." मी विचारले, "का काढली?" म्हणाली, "अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर होईल." मी तपासणीचा कागद मागितला. कागद नव्हता.

मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेली कारकून आहे. पन्नास रुपये द्यायचे तरी आम्ही आधी व्हाउचर पाहतो. मग शरीराचा अवयव देताना कागद नको का?

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हा प्रश्न तपासला. तेव्हाच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक!

दुखणी मात्र खरी असतात. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी डॉक्टरांकडून अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

ही दुखणी होतात कशाने? शरीरातल्या प्रत्येक पेशीचे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थाचे असते. पाळीच्या वेळी पिशवीच्या अस्तरातील या स्निग्धांशापासून प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. ते पिशवीला पिळते आणि अस्तर बाहेर पडते. हे द्रव्य जास्त झाले की कळा, उलट्या, जुलाब होतात. तेव्हा पाळीत पोट धरून बसलेल्या मुलीला 'नाटकं करते' म्हणू नका. मेफेनॅमिक अॅसिडची गोळी हेच द्रव्य बनू देत नाही, म्हणून कळा थांबतात आणि रक्तस्रावही कमी होतो. मात्र पित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच ती घ्यावी.

दुसरी गोष्ट अंगावरच्या चरबीची. ही चरबी इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवते. पाळी गेल्यावर बीजकोशांचे काम थांबते, चरबीचे चालूच राहते. वजन फार असेल तर पिशवीचे अस्तर जाड होत जाते आणि कधी कधी त्यातून कॅन्सर होतो. म्हणून पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवा. आपल्याकडे नेमके उलटे होते. पांढरे जाण्यासारख्या, बहुधा औषधाने बऱ्या होणाऱ्या दुखण्याला पिशवी काढतात. आणि खरा धोक्याचा डाग आजी लाजेने लपवून ठेवते.

कोणी 'पिशवी काढा' म्हटले तर चार गोष्टी विचारा. रोगाचे नाव काय? सोनोग्राफी आणि गरज असल्यास अस्तराचा तुकडा तपासला का? गोळ्या किंवा तांबीसारखे बसवायचे हार्मोनचे साधन चालेल का? आणि बीजकोश ठेवणार की काढणार? तरुणपणी बीजकोश काढले तर हाडे ठिसूळ होतात, हृदयरोगाचा धोका वाढतो. उत्तरे कागदावर घ्या आणि साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये, सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. काही वेळा शस्त्रक्रिया लागतेच. तेव्हा मात्र टाळू नये.

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. पण न्यायालय काही आपल्यासोबत दवाखान्यात येत नाही.

तिथे सोबत जायचे आहे घरातल्या माणसाने. बंधूंनो, हे पान 'बायकांचे' म्हणून उलटू नका. एक दिवसाचा खाडा पडला तरी चालेल. पण बायकोबरोबर, आईबरोबर जा, आणि तिच्या वतीने कागद मागा.