गावच्या हॉटेलची पायरी

आपल्या गावाकडे हॉटेल म्हणजे राहण्याची सोय नव्हे. एस.टी. थांब्याजवळची पत्र्याची शेड, दोन-तीन बाकडी, उकळता चहा आणि कढईतली भजी, एवढ्याला आपण हॉटेल म्हणतो. आरोग्याच्या सदरात त्याचे काय काम, असे कुणी विचारील. माझ्या मते काम आहे, आणि महत्त्वाचे आहे.

औषधाच्या दुकानात न मिळणारी एक गोष्ट इथे मिळते, ती म्हणजे माणसांची सोबत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा भेडसावतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजारांवर जातो. एकाकीपणामुळे हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि नैराश्य यांचा धोका वाढतो. हे शहरातलेच दुखणे आहे असे समजू नये. मुले पुण्या-मुंबईला गेली आणि घरात दोन म्हातारी माणसे उरली, अशी घरे आता खेड्यापाड्यांतही आहेत. अशा माणसाने सकाळी अंघोळ करून, टोपी घालून हॉटेलपर्यंत चालत जावे, पेपर वाचावा, चौघांशी बोलावे, यात व्यायामही आहे आणि औषधही. शिवाय रोजचा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर त्याची पहिली चौकशी इथेच होते.

पण हे औषध सर्वांना मिळते का? रस्त्याच्या कडेला उघडे गटार, त्यावर हलणारी फरशी आणि पुढे उंच पायरी, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. गुडघे दुखणारी आजी, अर्धांगवायूनंतर काठी टेकत चालणारे आजोबा, तीनचाकी सायकलवरचा अपंग तरुण बाहेरच थांबतात. पोऱ्या त्यांना चहा आणून देतो. त्यांना चहा मिळतो, पण चौघांत बसायला मिळत नाही.

बायाबापड्यांची अडचण निराळी. पुरुषांनी भरलेल्या, विड्यांच्या धुराने कोंदलेल्या जागेत त्या पाय ठेवत नाहीत. बाजारच्या दिवशी तासन् तास एस.टी.ची वाट पाहताना त्या पाणीदेखील पीत नाहीत, कारण जवळ स्वच्छ संडास-मुतारी नसते. लघवी रोखून धरणे आणि पाणी कमी पिणे यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बळावतो.

दुकाने व उपाहारगृहे यांत धर्म, जात, लिंग यांवरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेचे १५ वे कलम सांगते. दलितांसाठी निराळी कपबशी ठेवणारी हॉटेले आपल्याकडे होती, हे विसरून चालणार नाही. त्या प्रथेचा मागमूस कुठे उरला असेल तर तो आधी पुसला पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर खासगी सेवा देणाऱ्यांनीही आपली जागा अपंगांना वापरता येईल अशी करावी, असे म्हटले आहे.

यावर हॉटेलवाला म्हणेल, "डॉक्टर, एका कपामागे मला सुटतात किती?" त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु खर्च वाटतो तेवढा नाही. पायरीच्या एका बाजूला सिमेंटचा खडबडीत उतार करावा. त्याचे प्रमाण एका फुटाला बारा फूट, म्हणजे सहा इंचांच्या पायरीस सहा फूट लांबी पुरते. बाजूला धरायला एक लोखंडी पाइप लावावा. आत जायला तीन फूट मोकळी वाट ठेवावी. एका तरी बाकड्याला पाठ आणि हात असावेत. म्हाताऱ्या माणसाला उठताना त्याचा आधार होतो. विडी-सिगारेट बाहेर ठेवावी. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००८ पासून बंदी आहेच. मधुमेहाचे रुग्ण हल्ली घरोघरी आहेत, तेव्हा बिनसाखरेचा चहा न कुरकुरता द्यावा. आणि आलेल्या बाईला "या, इकडे बसा" म्हणावे. याला तर पैसाही लागत नाही.

गटारावरची पक्की फरशी आणि थांब्याजवळची मुतारी हे मात्र ग्रामपंचायतीचे काम आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न अवश्य विचारा. आणि जमल्यास उद्या सकाळी चहाला जाताना शेजारच्या एकट्या आजोबांना हाताला धरून सोबत घेऊन जा.