सफरीपूर्वीचे सहा आठवडे



मिळून सहलीस जाण्याची हौस आपल्या समाजास नवी नाही. अलिबागजवळील खंडाळ्यास, जेथे एलियाहू हन्नाबींच्या रथाची व घोड्यांच्या टापांची खूण खडकावर उमटली अशी आपली श्रद्धा आहे, तेथे आपले वाडवडील बैलगाड्या जुंपून कुटुंबकबिल्यासह जात असत. वाट पायाखालची असल्यामुळे वाटाड्याची गरज नसे. आणि कोणाच्या पाठीशी उशी हवी, कोणास ऊन सोसत नाही, हे एकमेकांस ठाऊकच असे. आता ब्रिटनमधील आपली कुटुंबे केनियाच्या अरण्यातील सिंह-हत्ती पाहावयास एकत्र निघावयाचे ठरवितात, तेव्हा मोटार, मुक्काम, भोजन व वाटाड्या यांची सोय प्रवासी कंपनी करते. परंतु कंपनीस वाट ठाऊक असते, माणसे ठाऊक नसतात. माणसांची तयारी आपली आपणच करावयाची असते, आणि तीस सहा ते आठ आठवडे लागतात. या वेळी त्याच तयारीविषयी चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम तारखेचा विचार. मासाई माराच्या गवताळ प्रदेशात रानम्हशीसारख्या दिसणाऱ्या विल्डबीस्ट नामक प्राण्यांचे प्रचंड कळप सामान्यतः जुलै ते ऑक्टोबर या काळात येतात. मार्च ते मे हे मोठ्या पावसाचे दिवस. नोव्हेंबरच्या सुमारास लहान पाऊस पडतो. इंग्लंडमधील शाळांची सुट्टी जुलैच्या अखेरीस सुरू होते, म्हणजे हंगाम व सुट्टी यांचा मेळ बसतो. मात्र याच काळात बिरड्याचा सण येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नव्या वर्षापासून दरफाळणीच्या सणापर्यंतचे दिवस येतात. उपवासाच्या दिवशी खडबडीत रस्त्यावर सहा तासांचा प्रवास कोणासही हितकर नाही. म्हणून कंपनीच्या छापील पत्रकावरील तारीख स्वीकारण्यापूर्वी आपले पंचांग शेजारी उघडून ठेवावे.

त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न, शब्बाथ कोठे येतो, हा होय. पैसे भरण्यापूर्वी तो विचारावा. नंतर विचारून उपयोग नसतो, कारण मुक्काम एकदा ठरले की सबंध गटाचे ठरतात. शनिवार माराच्या मध्यावर आला, तर मोटारीत न बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तंबूत एकटे राहावे आणि नातवंडांनी सिंह पाहावयास जावे, असा प्रसंग येतो. त्यात दोघांसही सुख नसते. रविवारी लंडन सोडावे, सोमवार ते शुक्रवार नैवाशा, नाकुरू व मारा पाहावे, शुक्रवारी पहाटेच माराहून निघून नैरोबीस यावे, अशी आखणी पुष्कळदा शक्य असते. नैरोबीची हिब्रू मंडळी १९०४ साली स्थापन झाली असून तिचे प्रार्थनामंदिर शहराच्या मध्यभागी आहे. आगाऊ कळवूनच तेथे जावे. गटात दहा पुरुष असतील तर मिनियानही आपलेच होते.

येथे एक बारकावा ध्यानी ठेवावा. लंडनमध्ये जुलै महिन्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, आणि शुक्रवारची सायंकाळ लांबलचक असते. केनिया विषुववृत्तावर वसलेला देश आहे. तेथे बारा महिने साडेसहाच्या आगेमागे सूर्यास्त होतो, आणि संधिप्रकाशही अल्पकाळच टिकतो. माराहून नैरोबीस मोटारीने पाच-सहा तास लागतात. दुपारचे जेवण आटोपून निघू म्हणणाऱ्या गटास शब्बाथ रस्त्यातच गाठील.

आता प्रकृतीविषयी. "आम्ही कोकणातले, हिंवताप आम्हांस काय करणार?" हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येते. ते अत्यंत धोक्याचे आहे. लहानपणी अंगात आलेली थोडीबहुत प्रतिकारशक्ती थंड देशात राहिल्यावर लवकरच ओसरते, आणि येथे जन्मलेल्या मुलांत तर ती कधी नव्हतीच. ब्रिटनमध्ये दरवर्षी आढळणाऱ्या हिंवतापाच्या रुग्णांत आप्तेष्टांस भेटण्यासाठी मूळ देशी गेलेल्यांचाच भरणा मोठा असतो. त्यांतील बहुतेकांनी प्रतिबंधक गोळ्या घेतलेल्या नसतात. आफ्रिकेतील हिंवताप बहुधा फाल्सिपेरम जातीचा असतो, आणि उपचारास विलंब झाल्यास तो जिवावर बेततो. गोळ्यांचे प्रकार अनेक आहेत. काही प्रवासापूर्वी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यावयाच्या, काही परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावयाच्या. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या खर्चाने त्या मिळत नाहीत. औषधाच्या दुकानातून वा प्रवासी दवाखान्यातून त्या विकत घ्याव्या लागतात. पाच माणसांच्या कुटुंबास हा खर्च जाणवतो हे आम्ही जाणतो, म्हणूनच तो सहलीच्या खर्चात आरंभीच धरावा. परतल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला, तर आपण आफ्रिकेस जाऊन आलो हे डॉक्टरांस आधी सांगावे.

पीतज्वराच्या लसीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ब्रिटनहून थेट येणाऱ्या प्रवाशाकडे केनिया हा दाखला मागत नाही. माराच्या भागासाठी लस घ्यावी असा वैद्यकीय सल्ला मात्र सामान्यतः दिला जातो. आपल्या लोकांची खरी अडचण पुढे येते. नैरोबीहून मुंबईस थेट विमान असल्यामुळे, "इतके आलोच आहोत तर ठाण्यास बहिणीकडे जाऊन येऊ" असा बेत कित्येक जण करतात. केनियाहून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याजवळ पीतज्वराच्या लसीचा ग्राह्य दाखला नसेल, तर त्यास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवण्यात येते. हा दाखला लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. म्हणजे निघण्याच्या आदल्या आठवड्यात लस घेऊन भागत नाही.

शिवाय ही लस जिवंत विषाणूंची आहे. साठी उलटल्यावर ती प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम विरळा असले तरी तरुणांहून अधिक आढळतात, आणि काही आजारांत ती देताच येत नाही. म्हणून आजी-आजोबांसाठी "सर्वांनी घेतली, तुम्हीही घ्या" असा आग्रह कोणी धरू नये. लस देण्यासाठी नेमलेल्या केंद्रात जाऊन आपला मार्ग, आपले आजार व आपल्या गोळ्या यांची पूर्ण माहिती द्यावी आणि तेथील सल्ल्याने वागावे. मुंबईस जावयाचेच असेल, तर लंडनला परतून सहा दिवस लोटल्यावर जावे. मग त्या दाखल्याची अट उरत नाही. बहिणीची भेट दोन आठवडे लांबली तरी बिघडत नाही.

मधुमेह व रक्तदाबाची औषधे हातातील पिशवीतच ठेवावी, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. इन्सुलिन सामानाच्या कोठीत देऊ नये, तेथे ते गोठण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात केनियाचे घड्याळ लंडनच्या दोन तास पुढे असते. औषधांच्या वेळा त्याप्रमाणे आधीच लिहून काढाव्या. विमा उतरविताना जुने आजार लपवू नयेत. दोन पैसे वाचविण्यासाठी लपविलेला हृदयविकार पुढे सबंध विमा निष्फळ ठरवितो. अरण्यातून रुग्णास विमानाने नैरोबीस आणण्याची सोय आहे. १९५७ साली सुरू झालेली उडत्या डॉक्टरांची सेवा त्याच कार्यासाठी निघाली. पण तिचा खर्च विम्यात अंतर्भूत आहे की नाही, हे घरीच पाहून घ्यावयास हवे.

पैशांविषयी स्पष्ट लिहिलेले बरे. आपल्या मंडळींत एखाद्या विश्वासू गृहस्थाने सर्वांचे पैसे आपल्या खात्यात गोळा करावे व एकदम भरावे, अशी चाल आहे. त्यांच्या सचोटीविषयी शंका नाही, परंतु कायदा सचोटीकडे न पाहता पावतीकडे पाहतो. ब्रिटनमध्ये विमानासह विकल्या जाणाऱ्या सहलींस १९७३ पासून अ‍ॅटॉल योजनेचे संरक्षण आहे; कंपनी बुडाली तरी पैसे किंवा परतीचा प्रवास मिळतो. प्रत्येक प्रवाशाने त्याचा दाखला मागून घ्यावा. १९७४ च्या ग्राहक पतकायद्यान्वये १०० पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीस क्रेडिट कार्डाने पैसे भरल्यास बँकही जबाबदार असते. पण तो हक्क ज्याचे कार्ड त्याचा. प्रत्येक कुटुंबाने आपले पैसे आपल्या कार्डाने थेट भरावे, म्हणजे उद्या काही विपरीत घडले तर मैत्रीवर ओरखडा उठणार नाही.

कागदपत्रांत केनियाचा व्हिसा जानेवारी २०२४ पासून गेला आणि त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक परवानगी आली. ती प्रत्येकास, तान्ह्या बाळासही, स्वतंत्रपणे लागते. अर्ज केनिया सरकारच्याच संकेतस्थळावर करावा. तसेच दिसणारी व अधिक पैसे घेणारी दुसरी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी. आपल्यांपैकी ज्यांच्याकडे भारतीय वा इस्रायली पासपोर्ट आहे, त्यांनी परतीचाही विचार करावा. ब्रिटनमधील वास्तव्याची जुनी कार्डे २०२४ च्या अखेरीस संपली असून आता ई-व्हिसा आहे. नवा पासपोर्ट काढला असल्यास त्याचा क्रमांक त्या खात्यात नोंदविलेला हवा.

सामान थोडे घ्यावे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराकडे जाणाऱ्या लहान विमानांत सामान्यतः १५ किलोच सामान चालते, तेही मऊ पिशवीत. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, आणि अभयारण्यांत २०२० पासून एकदाच वापरून फेकावयाच्या प्लास्टिकवरही. तेव्हा चिवडा व चकल्या डब्यांत भरून घ्याव्या. लष्करी छटांचे ठिपक्याठिपक्यांचे कपडे तेथे घालता येत नाहीत. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. पहाटे सहाला उघड्या छताच्या मोटारीतून निघताना स्वेटर हवाच. ज्यांची कंबर दुखते त्यांस मागील चाकांवरच्या जागा देऊ नयेत. पाळीपाळीने बसावयाचा तक्ता निघण्यापूर्वीच करावा. अरण्यात वाटेल तेथे उतरता येत नाही, हेही वृद्धांस व लहान मुलांस आधी सांगून ठेवावे. कोशर मांस मुक्कामांत मिळणार नाही असे धरून शाकाहारी भोजन सांगावे. पूर्व आफ्रिकेत कित्येक पिढ्या राहिलेल्या गुजराती बांधवांमुळे डाळ-भात-चपाती तेथे परकी नाही. किंबहुना भाषाही अगदी परकी नाही. सफारी म्हणजे अरबीतून आलेली आपली सफरच. गाडीस तेथे गारी, दुकानास दुका आणि चहास चाय म्हणतात.

शेवटची तयारी मनाची. १९०३ साली ब्रिटिश सरकारने डॉ. हर्झल यांच्यापुढे यहुदी वसाहतीसाठी जी भूमी ठेवली, ती "युगांडा" नावाने प्रसिद्ध झाली असली तरी आजच्या केनियातील वासिन गिशूचे पठार होती. १९०५ च्या आरंभी तीन जणांचे एक मंडळ ते पाहून आले. त्या तिघांनी एकच पठार पाहिले, परंतु त्यांची मते जुळली नाहीत. त्याच वर्षी बाझेलच्या काँग्रेसने तो प्रस्ताव नाकारला. लंडनच्या कचेरीत बरीचशी निर्जन समजली गेलेली ही भूमी तशी नव्हती. तिचे नावच मुळी मासाईंच्या एका शाखेचे आहे. पुढे १९०४ व १९११ च्या करारांनी मासाईंस त्यांच्या उत्तम कुरणांतून हलविण्यात आले. ज्या लोकांनी स्थलांतर सोसले आहे त्यांच्या दारी आपण, स्थलांतरितांची मुले, पाहुणे म्हणून जाणार आहोत. त्यांच्या वस्तीत छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी आणि किमतीवरून हुज्जत घालू नये. मुलांस हा इतिहास विमानात बसण्यापूर्वी सांगावा.

प्रवासास निघण्यापूर्वी मलिदा करण्याची आपली चाल आहे. आमची सूचना अशी, की हा मलिदा निघण्याच्या आदल्या रात्री न करता सहा आठवडे आधी करावा, म्हणजे सर्व मंडळी एकत्र असतानाच सभा भरविता येईल. पोहे, गूळ-खोबरे व फळे वाटून झाल्यावर प्रत्येक कुटुंबाने आपल्या पासपोर्टाची मुदत, लसीचा दिवस व विम्याची स्थिती सांगावी. आजार खासगी ठेवावयाचे असल्यास निदान एका जबाबदार व्यक्तीच्या कानी घालावे. कोण कोणाच्या शेजारी बसणार, वडील माणसाचा हात कोण धरणार, शुक्रवारी दिवे लावण्याचे साहित्य कोणाच्या पिशवीत राहणार, हेही त्याच बैठकीत ठरवावे. हे सारे ऐकून एखाद्या वृद्ध बंधूने "मी या वेळी घरीच राहतो" असे म्हटले, तर त्यांचा निर्णय मानावा. पण तत्पूर्वी, त्यांच्यासाठी मार्ग थोडा सोपा करता येईल काय, हे कंपनीस एकवार अवश्य विचारावे.